कीर्तिमुखाच्या नाकपुडीवरचा टवका

आमच्या गावच्या भैरोबाच्या नव्या शिखरावर आठ कीर्तिमुखं आहेत, म्हणजे देवळावर बसवतात ती उग्र चेहऱ्याची तोंडं. आठही पांढरीशुभ्र, आठांचेही डोळे बटबटीत, आणि आठांच्याही डाव्या नाकपुडीखाली तांदळाच्या दाण्याएवढा टवका उडालेला. कळस चढवायच्या दिवशी सगळा गाव खाली महाप्रसादाच्या पंगतीत होता आणि मी परांचीवर उभा राहून हा टवका बोटाने चाचपत होतो. एखाद्याच कीर्तिमुखाला असता तर म्हटलं असतं, चढवताना हातोडी लागली असेल. आठांना एकाच जागी, एकाच आकाराचा, म्हणजे दोष मालात नव्हता, साच्यात होता.

माझी सारी नोकरी शिरोलीच्या एमआयडीसीत पॅटर्नशॉपमध्ये गेली. ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बिडाचा कुठलाही भाग ओतायचा म्हटला की आधी त्याचा लाकडी नमुना करावा लागतो, त्याला पॅटर्न म्हणतात. तो वाळूत दाबून पोकळी करायची आणि पोकळीत रस ओतायचा. पॅटर्नवर एक ओरखडा राहिला तर तो हजार नगांवर उमटतो. म्हणून पहिला नग निघाला की त्याला उलटा-सुलटा करून बघतात, आणि असा टवका सापडला की काम थांबवून पॅटर्नला लांबी, म्हणजे पुट्टी, भरतात. भैरोबाच्या शिखराचं हे काम करणाऱ्याने पहिला नग बघितलाच नसावा. किंवा बघितला आणि म्हणाला असेल, देवळाला कोण एवढं निरखतंय?

पुढच्या वर्षी एका पाहुण्यांच्या गावी विठ्ठलाच्या देवळावर तेच कीर्तिमुख दिसलं. तेच डोळे, तोच टवका. आणि मग हायवेवरच्या एका मंगल कार्यालयाच्या कमानीवर. तिथे त्याच्या तोंडातून निळ्या एलईडीची माळ सोडलेली होती.

कोल्हापूर जिल्ह्यात गेल्या पंधरा-वीस वर्षांत गावोगावच्या देवळांचा जीर्णोद्धार झाला, अजून चालू आहे. पद्धत आता ठरून गेली आहे. जुनं दगडी जोतं आणि लाकडी मंडप उतरवायचा, आरसीसीचे कॉलम उभे करायचे, वर स्लॅब, आणि स्लॅबवर पांढऱ्या सिमेंटचे तयार भाग जोडून शिखर. महिरपी, खांबांची खोळ, जाळ्या, हत्ती, मोर, कीर्तिमुखं, सगळं कॅटलॉगमधून. पैसा वर्गणीचा असतोच, पण सभामंडपाला आमदार फंड, ‘क’ वर्ग यात्रास्थळाचा जिल्हा नियोजनातला निधी, पेव्हिंग ब्लॉकला ग्रामपंचायत असंही चालतं. सार्वजनिक पैसा आला की प्रश्नही सार्वजनिक होतो. म्हणून हे लिहितोय. नाहीतर गावाने आपल्या देवाला काय घालावं हे सांगणारा मी कोण?

आधी एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. मी पांढऱ्या काँक्रीटच्या विरोधात नाही. वारसा-वारसा म्हणत रविवारी कॅमेरा घेऊन येणारी माणसं पाहिली की मला गावकऱ्यांचीच बाजू पटते. ज्यांच्या देवळाचा मंडप जून ते सप्टेंबर गळतो, आरतीला परात छताखाली ठेवावी लागते, त्यांना ‘जुनं ते जपा’ म्हणणं सोपं आहे. घडीव दगडाचं काम करणारे पाथरवट आता बोटांवर मोजण्याइतके राहिले. त्यांच्या पोरांनी छिन्नी सोडून ब्रेकर धरला, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. तेव्हा सगळी देवळं पुन्हा काळ्या पाषाणात बांधा असं सांगणारा लेख लिहायचा असता तर तो मी पुण्यात बसून लिहिला असता.

आणि पांढरा रंग कोल्हापूरला परका आहे असंही कुणी म्हणू नये. अंबाबाईचं देऊळ नीट बघा. खाली काळा दगड, तारकाकृती कोनाकोनांनी पुढे-मागे होत गेलेल्या भिंती, आणि वर उजळ शिखरं. ती शिखरं मागाहूनची, वीट आणि चुन्याची. मराठा काळातल्या कितीतरी देवळांचं हेच आहे, अंग दगडाचं आणि डोकं चुनेगच्चीचं. त्या चुन्यात गवंडी वाळू मिसळायचे, गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायचे, तो चुन्याच्या घाण्यात मळायचे आणि मग ओला असतानाच त्यात देव, वाघ, मोर, शिपाई काढायचे. आमच्या जुन्या भैरोबाच्या शिखरावर एक शिपाई होता, डोक्याला पागोटं आणि हातात बंदूक. देवाच्या शिखरावर बंदूकवाला कशाला, हे कुणालाच सांगता यायचं नाही. ज्या गवंड्याने केला त्याने त्या काळी असा शिपाई बघितला असेल, बस्स.

म्हणून माझ्या मते पांढऱ्या सिमेंटचं खरं नातं चुन्याशी आहे. कॅटलॉगवाले ते संगमरवराशी जोडतात, ‘मार्बल फिनिश’ म्हणून विकतात, आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. चुना हाताचा होता. हे साच्याचं आहे. एवढा फरक मान्य केला तर पुढचं बोलता येतं.

साच्याचं म्हणजे कमी प्रतीचं, असं पॅटर्नमेकरला तरी म्हणता येणार नाही. जगात या वस्तूने झालेली मोठी देवघरं आहेत, आणि त्यांच्याकडे बघितलं की आपण कुठे चुकतोय ते चटकन कळतं.

अमेरिकेत शिकागोजवळ विल्मेट इथे मिशिगन सरोवराच्या काठी बहाई धर्माचं उपासना मंदिर आहे. नऊ बाजूंचं, घुमटाचं, आणि जमिनीपासून घुमटापर्यंत जाळीदार नक्षीने भरलेलं. लांबून लेस विणल्यासारखं दिसतं. ते सगळं पांढऱ्या काँक्रीटचं आहे. वास्तुकार लुई बूर्जवा १९३० मध्ये वारला, तेव्हा नुसता सांगाडा उभा राहत होता. नक्षीचं काम जॉन अर्ली नावाच्या कारागिराने आणि त्याच्या माणसांनी केलं, आणि मंदिर १९५३ मध्ये खुलं झालं. अर्लीची पद्धत मला आमच्या पॅटर्नशॉपची सख्खी बहीण वाटते. बूर्जवाच्या रेखाटनांवरून आधी मातीत पूर्ण आकाराचा नमुना हाताने कोरायचा, त्यावरून प्लास्टर काढायचं, ते पुन्हा साफ करायचं, मग साचा, मग काँक्रीट. नऊ बाजू सारख्या, म्हणजे एक साचा पुन्हा पुन्हा वापरता यायचा. काँक्रीटमध्ये नक्षी परवडते ती यामुळेच. पण मूळ नमुना त्या एका इमारतीसाठी, तिथल्या उंचीसाठी, तिथल्या उन्हासाठी कोरलेला होता.

अर्लीची दुसरी करामत मला जास्त मोलाची वाटते. नग साच्यातून काढला की तो पूर्ण कडक व्हायच्या आत त्याची माणसं तारेच्या ब्रशने वरचा सिमेंटचा थर घासून काढायची. आतली गारगोटी उघडी पडायची. म्हणजे त्या मंदिरावर जो पांढरा रंग दिसतो तो मुख्यतः दगडाचा आहे, सिमेंट फक्त धरून ठेवण्यापुरतं. सिमेंटचा पांढरा रंग मेलेला असतो, खडूसारखा. गारगोटीत उजेड शिरतो आणि परत फिरतो. सकाळी वेगळा आणि संध्याकाळी वेगळा.

आपल्याकडे दिल्लीचं कमळ मंदिर १९८६ मध्ये झालं. तेही बहाईंचंच, वास्तुकार फरिबुर्झ साहबा यांचं. बाहेरून ग्रीसचा संगमरवर दिसतो, पण पाकळ्या मुळात पांढऱ्या काँक्रीटच्या, आणि आतून ते काँक्रीट उघडंच आहे. त्यासाठी खडी अलवरच्या डोलोमाइटची, वाळू जयपूरकडची पांढरी. दिल्लीच्या उन्हात काँक्रीट तापून तडकू नये म्हणून मिश्रणात बर्फ घातला. आणि आतली सळई जस्ताचा मुलामा दिलेली, का, तर गंजाचा एक डाग बाहेर आला की संपलं. रोममध्ये २००३ मध्ये रिचर्ड मायर यांनी चर्च बांधलं, त्याच्या तीन वळणदार पांढऱ्या भिंतींच्या सिमेंटमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड आहे, उन्हात मळ आपोआप सुटावा म्हणून. तिथे साच्याला नक्षीच नाही, नुसती गोलाई. तेही चालतं.

आता आमचा भैरोबा. तिसऱ्या पावसाळ्यात शिखराच्या उत्तरेकडे काळे ओघळ आले. आमच्याकडचा पाऊस शिकागोसारखा नाही, रोमसारखा तर नाहीच. गगनबावड्याकडून येतो तो आठ-आठ दिवस थांबत नाही. भिंत कोरडी व्हायला वेळच मिळत नाही आणि शेवाळ धरतं. काळ्या दगडावर शेवाळ दिसत नाही, आणि दिसलं तरी शोभतं. पांढऱ्यावर ते रोग झाल्यासारखं दिसतं. चौथ्या वर्षी दोन भागांच्या सांध्यातली लांबी निघाली आणि एका मोराच्या गळ्यातून तांबडा ओघळ खाली आला, आतल्या लोखंडी पट्टीचा. मी शिडी लावून त्याच्या पोटावर बोटाने टकटक केलं. एका ठिकाणी ‘टण’ वाजलं, दुसरीकडे ‘भद्द’. जिथे भद्द, तिथे आत पाणी. लोखंड गंजलं की फुगतं, आपल्या जागेपेक्षा दुप्पट-तिप्पट जागा मागतं, आणि वरचं कवच फोडून बाहेर येतं. आमच्या शिखराचं कवच करंगळीएवढं जाड आहे.

विकणाऱ्याला फोन केला तर त्याचं म्हणणं एवढंच, “रंग मारा, दर दोन वर्षांनी मारायचा असतो.” पांढरं सिमेंट वापरलं, त्याला वर पुन्हा पांढरा ऑइलपेंट. मग पांढरं सिमेंट वापरलं कशाला?

इथे थोडं खोलात जावं लागेल, कारण देवस्थान कमिटीच्या बैठकीत या गोष्टी कुणी सांगत नाही.

करडं सिमेंट करडं असतं ते मुख्यतः त्यातल्या लोखंडाच्या ऑक्साइडमुळे. पांढऱ्या सिमेंटसाठी लोखंड जवळपास नसलेला चुनखडक आणि माती शोधावी लागते. आपल्या देशात हे सिमेंट मोठ्या प्रमाणात राजस्थानातून येतं, तिथे १९८० च्या दशकात त्याचे मोठे कारखाने उभे राहिले. लोखंड भट्टीत माल लवकर वितळायला मदत करतं. ते काढून टाकलं की भट्टी जास्त तापवावी लागते, जास्त जळण लागतं, म्हणून हे सिमेंट महाग. एवढं जपून आणलेलं पांढरेपण आपण कोल्हापुरात कशात मिसळतो? क्रशरच्या काळ्या कचखडीत. परिणाम राखाडी. म्हणून मग वर पांढऱ्या सिमेंटचा पातळ थर, आत साधं. दोन थर वेगवेगळे आकसतात आणि केसासारख्या चिरा पडतात. चिरेतून पाणी, पाण्यातून खार. हे सगळं रसायन आमच्या शिखरावर उघड्यावर बघायला मिळतं, तिकीट नाही.

काचेच्या तंतूचं सिमेंट, ज्याला जीआरसी म्हणतात, ते नीट केलं तर चांगलं असतं. पण त्याला झिर्कोनिया असलेला खास तंतू लागतो. साधा काचतंतू सिमेंटच्या अल्कलीत हळूहळू ठिसूळ होत जातो. तुमच्या गावच्या शिखरात कुठला आहे, हे विकणाऱ्याला विचारलंय का कधी? आम्ही नव्हतं विचारलं. मीसुद्धा. सारी हयात मटेरियल सर्टिफिकेट बघितल्याशिवाय माल न घेणारा मी, देवळाच्या बैठकीत गप्प बसलो. कमिटीत माझे चुलतभाऊ अध्यक्ष होते. कॅटलॉग उघडून म्हणाले, “तात्या, सतरा नंबर बघा. नादखुळा आहे का न्हाई?” मी म्हणालो, “आहे की.” तेवढंच माझं योगदान.

जुन्या दगडी देवळांवर हे पांढरं काही बसवणं, हा मात्र वेगळा आणि जास्त गंभीर मामला आहे, आणि त्यावर मला मध्यममार्ग सापडत नाही. जुन्या भिंतीचा दगड घट्ट असला तरी भिंत नुसती दगडाची नसते. बाहेरच्या आणि आतल्या दगडांमध्ये भर असते, माती-चुन्यात बसवलेली. पाऊस आत जातो आणि चुन्याच्या सांध्यांतून हळूहळू बाहेर येतो. सांध्यात सिमेंट भरलं, वर पांढरा गिलावा दिला, की पाण्याची वाट बंद. मग ते गाभाऱ्यात आतून पाझरतं आणि पुजारी म्हणतो, भिंतीला घाम येतोय. अंबाबाईच्या देवळात मागाहून बसवलेली संगमरवरी लादी अलीकडे काढली आणि खालचा मूळ दगड मोकळा केला, मणिकर्णिका कुंड उकरून काढलं. एकदा झाकायचे पैसे आणि एकदा उघडायचे. तालुक्याच्या गावांनी निदान पहिला खर्च तरी टाळावा.

पंचगंगेच्या घाटावरची छोटी दगडी देवळं बघा. दर पावसाळ्यात पाण्याखाली जातात. कधी फक्त शिखराचा शेंडा दिसतो. पाणी उतरलं की गाळ धुतात आणि दिवा लावतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोळकडच्या कितीतरी गावांत नवी पांढरी देवळंही बुडाली. त्यांच्यावर पुराची तांबूस रेघ अजून ओळखता येते. आमच्या एका पाहुण्याने ती रेघ मुद्दाम ठेवली, रंगवू दिली नाही. म्हणाला, पुढच्या वेळी सामान कुठवर उचलायचं ते कळतं. हा पांढऱ्या काँक्रीटचा मी ऐकलेला सगळ्यात चांगला उपयोग.

याच शिरोळ तालुक्यात कृष्णेच्या काठी खिद्रापूरला कोपेश्वर आहे. शिलाहारांच्या काळातलं, सुमारे १२ व्या शतकातलं. स्वर्गमंडपाचं गोल उघडं छत आणि बाहेरच्या भिंतीला तळाशी पाठीवर देऊळ तोलणारी हत्तींची रांग, हे सगळे बघतात. मी खांब बघतो. चौकोनातून अष्टकोन, अष्टकोनातून गोल, आणि गोलावर एकावर एक कंगोरे, लेथवर काढल्यासारखे. पण भिंतीवरच्या मूर्तींच्या कोपराआड बोट घातलं की ते आत जातं. दगड मागूनही कोरलेला आहे. आमच्या भाषेत हा अंडरकट. साध्या कडक साच्यातून असा नग बाहेर येत नाही, अडकतो. म्हणून आम्ही पॅटर्नला ड्राफ्ट देतो, म्हणजे किंचित उतार, की तो वाळूतून अलगद निघावा. कॅटलॉगमधला मोर बघा. त्याला सगळीकडून उतार आहे. चोच, पंख, पाय, सगळं मागच्या पाट्याला चिकटलेलं, दाबून सपाट केल्यासारखं. साच्यातून पटकन सुटावा म्हणून तो तसा केलाय, देवासाठी नाही. रबराचा साचा किंवा चार तुकड्यांचा साचा केला तर अंडरकट जमतो. वेळ लागतो, इतकंच.

आणि हे करणारे हात कुठे शोधायचे? ही तर साच्यांची नगरी. उद्यमनगरात ऑइल इंजिनाचे भाग ओतले, शिरोली-गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांतून मोटारींचे भाग जगभर जातात. बापट कॅम्प आणि गंगावेशीतले कुंभार दर वर्षी शाडूत गणपती घडवतात, त्याचे साचे काढतात, आणि एकेका घराण्याचा डोळा लांबून ओळखता येतो. हुपरीत चांदीच्या दागिन्यांच्या डाय, म्हणजे ठसे, बनतात. कणेरी मठावर अख्खं गावगाड्याचं प्रदर्शन सिमेंटच्या पुतळ्यांनी उभं केलंय. बैल, न्हावी, वैदू, चांभार, बाळंतीण, आणि त्यातली एखादी म्हातारी बघून माणूस दचकतो, इतकी ती कुणाच्या तरी आजीसारखी आहे. बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा इथेच घडवला, बाहेरून मिळेना म्हणून. आणि आपण देवाच्या डोक्यावरचं कीर्तिमुख ट्रान्सपोर्टने मागवतो.

यावर कुणी म्हणेल, बाहेरचं घेण्यात वाईट काय? कोल्हापूरचा नवा राजवाडा मेजर मँट या इंग्रज इंजिनिअरने आखला, १८८४ मध्ये पुरा झाला, आणि त्यात गुजरात-राजस्थानकडच्या मंदिरांचे आकार आहेतच. खरं आहे. मीही तो राजवाडा आवडीने बघतो. पण ते आकार इथल्या काळ्या दगडात उतरताना बदलले, जड झाले, कोल्हापूरचे झाले. दगडाने त्यांना वाकवलं. कॅटलॉगमधला मोर आमच्या गावात येऊन काहीच बदलत नाही. तो मंगल कार्यालयात जसा, तसाच भैरोबावर.

म्हणून माझं मागणं दगड की काँक्रीट हे नाही. साचा कुणाचा, एवढंच विचारा. जिल्हा नियोजनातून देवळाला पैसा देताना एक अट घालता येते, की जुनं उतरवण्याआधी त्याचं मोजमाप, फोटो आणि निदान चार-दोन नक्षींचे प्लास्टरचे ठसे काढा. प्लास्टर काही सोनं नाही. पश्चिम महाराष्ट्र देवस्थान समितीकडे तीन हजारांवर देवळं आहेत. त्यांनी असे ठसे ठेवायला एक गोदाम काढलं तर पुढच्या गावाला कॅटलॉग बघायला राजस्थानपर्यंत जावं लागणार नाही. आमच्या बंदुकवाल्या शिपायाचा ठसा घ्यायला कुणाला सुचलं नाही. तो जेसीबीच्या बकेटमध्ये गेला. मी तिथे होतो.

दुसरी गोष्ट मी नुसती बोललो नाही, करून बघितली. अर्लीला गारगोटी मिळाली, आपल्याकडे काळा दगड आहे. पांढऱ्या सिमेंटमध्ये काळी खडी लपवण्याऐवजी उघडी का टाकू नये? घरामागे फूटभर चौकोनी लादी ओतली. क्रशरची बारीक खडी आणली, आठ पाणी धुतली. पहिल्यांदा दोनच पाण्यांत सोडली होती, तेव्हा तिच्या भुकटीने सगळं सिमेंट मळकट झालं आणि ती लादी फेकावी लागली. तळाशी रबराच्या शीटवर जास्वंदीचं एक पान कोरून ठेवलं होतं. संध्याकाळी ओतली, सकाळी साचा काढला आणि तारेच्या ब्रशने हळूहळू घासायला लागलो. नातू पाणी मारत होता. वरचं दूध निघून गेलं आणि खालून काळे दाणे वर आले, पांढऱ्यात पेरल्यासारखे. जुन्या वाड्यांतल्या मोझॅकच्या फरशीची आठवण व्हावी तसे, पण खरखरीत. पानाची कड दोन ठिकाणी तुटली, खडी मोठी पडली म्हणून. पुढच्या वेळी चाळून घेणार. ती लादी दोन पावसाळे गच्चीवर उघडी होती. शेवाळ आलं, पण दिसत नाही. काळं काळ्यात मिसळून जातं.

ही लादी घेऊन मी पलीकडच्या वाडीत गेलो. त्यांच्या म्हसोबाचं काम निघणार आहे आणि कॅटलॉग त्यांच्याकडेही पोचलाय. सरपंच पोरगा शिकलेला आहे. त्याने हिशेब विचारला. मी खरं ते सांगितलं, की पहिलं कीर्तिमुख महागात पडेल, कारण नमुना कोरणाऱ्याला पैसे द्यावे लागतील, दुसऱ्यापासून स्वस्त. साचा गावाच्या मालकीचा राहील. फुटलं तर तुम्हीच पुन्हा ओताल, कुणाला फोन करायला नको. आतली पट्टी जस्त चढवलेली घ्यायची आणि कवच दोन बोटं जाड ठेवायचं. “ते लई जड होईल की,” एकजण म्हणाला. होईल. स्लॅब त्याच हिशेबाने धरावा लागेल, आणि ते इंजिनिअरकडून काढून घ्यायचं, माझ्याकडून नाही.

ओळखीच्या एका कुंभाराने शाडूत नमुना करून दिला, गणपतीचा सीझन संपल्यावर. गेल्या रविवारी तो पोत्याखाली झाकून टेम्पोतून नेला आणि देवळापुढच्या कट्ट्यावर ठेवला. पोतं काढल्यावर पोरांनी मोबाइल काढले. कमिटीतले दोघे म्हणाले, चांगलं झालंय. एक म्हातारा काठी टेकत जवळ आला, डोळ्यांपासून वीतभर अंतरावर उभा राहिला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “डोळं चुकल्यात. जुन्याचं असं वर न्हवतं, जरा खाली बघत हुतं, पायरीकडं.” दुसऱ्या म्हाताऱ्याचं म्हणणं, तसं काही नव्हतं, समोरच बघायचं. दोघांची जुंपली. कुणीतरी शाळेतल्या जुन्या फोटोची आठवण काढली आणि एक पोरगं हेडमास्तरांच्या घरी पळालं. कुंभाराने शाडू सुकू नये म्हणून त्यावर पुन्हा ओलं पोतं टाकलं आणि चहा मागवला.